पावडर पिवळी झाली म्हणजे डोपिंग झालं असं नाही

"सर, झालं डोपिंग!" दरवर्षी एखादा तरी नवा विद्यार्थी क्रुसिबल (भाजायची मूस) हातात धरून धावत येतो. आत पिवळी पावडर. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर अतिनील उजेडात पाण्यातून हायड्रोजन काढते; दृश्य प्रकाशातही ते जमावं म्हणून तिच्या स्फटिकात नायट्रोजन घालणं म्हणजे डोपिंग. ती पिवळी पडली की उन्हात हायड्रोजन देणारच, असं ही मुलं धरून चालतात.

परभणीत याच घाईने माझ्याकडच्या एका मुलीचे चार महिने गेले. नायट्रोजनसाठी युरिया मिसळून 450 अंशांवर भाजायचं होतं. मधेच लाईट गेली, भट्टी 300च्या खाली आली, दीड तासाने पुन्हा चढवली. रंग सुरेख आला, उजेडाचं शोषणही 500 नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशात, सरकलं. मीही खूश झालो. पण 420 नॅनोमीटरखालचा उजेड अडवणाऱ्या फिल्टरमागून सहा तास उजेड दिला तरी जीसीवर (वायू ओळखणारा गॅस क्रोमॅटोग्राफ) हायड्रोजनचा पीक नाही. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं तपासणं) 396 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जागी, जिथे स्फटिकातला नायट्रोजन दिसतो, काही नव्हतं, एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध तपासणं) मात्र सेंद्रिय बंध स्पष्ट दिसले. रंग अर्धवट जळालेल्या युरियाचा होता, स्फटिकात नायट्रोजन गेलाच नव्हता.

तेव्हापासून एका भाजणीत तीन क्रुसिबल ठेवतो: नमुना, बिनडोपचा आणि नुसता युरिया. लाईट गेली की ती बॅच बाद. "थोडाच वेळ गेली होती, सर" हे मी ऐकून घेत नाही.

दुसरी चूक फिल्टर न लावण्याची. साधा अ‍ॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिकप्रकार) 387 नॅनोमीटरखालचा, म्हणजे अतिनील, उजेड घेतो, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम 4-5 टक्के. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात बाटली ठेवून 'दृश्य प्रकाशात हायड्रोजन' लिहिलं, तर श्रेय त्या 4-5 टक्क्यांचंही असू शकतं. बिनडोपचा नमुना शेजारी ठेवा आणि एक बाटली अंधारात.

डोपंट (मिसळायचा नायट्रोजन) जास्त घातला की काम वाढतं, हा गैरसमज. ठरावीक प्रमाणापुढे तो उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांना एकत्र आणून संपवतो.

मिथेनॉल घातलंय तर 'पाणी फोडलं' म्हणू नका. होल पाण्याऐवजी मिथेनॉल खातं, ऑक्सिजन निघतच नाही.

बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडे ते क्षारांनी भरलेलं असतं.

पावसाळ्यात टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची (टायटॅनियम डायऑक्साइड बनवायचा कच्चा माल) बाटली उघडी ठेवली की हवेतल्या दमटपणानेच गुठळ्या होतात. मी ती फक्त नायट्रोजन वायूखाली उघडतो, आणि झाकण मुलांच्या नव्हे, माझ्या हातात असतं.