इंजिन बांधल्यावर ऑइलचा दिवा विझेना (प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी)

मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवून रिंगा, बेअरिंग नवी टाकली. पण पावसाळाभर ते तसंच पडून राहिलं. दिवाळीत चालू केलं, तर ऑइलचा लाल दिवा विझेना. लगेच बंद केलं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवा प्रेशर स्विच (हा दिवा लावणारा-विझवणारा) आणला, मग जाड ऑइलही घालून पाहिलं. दोन रविवार पाण्यात.

दोष माझाच. ऑइल पंप कोरडा बसवला होता, आणि कोरडा पंप ऑइल ओढत नाही.

ऑइल काढून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवला. पंप काढून झाकण उघडलं, गिअरच्या दातांत साधं व्हॅसलीन गच्च भरलं. ग्रीस नको, व्हॅसलीन ऑइलमध्ये विरघळतं, ग्रीस जाळीत अडकू शकतं. नवं पॅकिंग लावून सगळं बसवलं, ऑइल भरलं. चारही प्लग काढले, इग्निशन स्विचकडून कॉइलला येणारी वायर सोडवली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल. स्टार्टर दहा सेकंद मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं. तिसऱ्या खेपेला दिवा विझला. तरी आणखी एकदा मारला, मगच प्लग आणि वायर लावून इंजिन चालू केलं. सुरुवातीला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) थोडे वाजले, मग गप्प.