पिकअप किती ट्रेलर ओढेल? आकडा दारावर आहे, ब्रोशरमध्ये नाही

डेन्व्हर भागात नवीन आलेल्या मराठी घरांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी अपार्टमेंट, मग सेदान विकून पिकअप, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हटलं की ट्रेलरचा विचार. आईला मोटेलच्या गाद्या आणि दोन वेळचं बाहेरचं जेवण नको असतं, ट्रेलरमध्ये आपली शेगडी आणि आपलं बाथरूम असतं. विचार चांगलाच आहे. पण मग मला फोन येतो: "आमची गाडी अकरा हजार पौंड ओढते. डीलरने तीस फुटी ट्रेलर दाखवलाय, भरून साडेसात हजारांचा. म्हणजे भरपूर वाव आहे ना?"

बहुतेक वेळा वाव नसतो. कुटुंब जितकं मोठं, तितका तो कमी.

ते अकरा हजार येतात कुठून, हे आधी बघा. अमेरिकेत ओढण्याची क्षमता मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, एसएई जे २८०७. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलपासून धरली, डेट्रॉइटच्या कंपन्यांनी पिकअपसाठी २०१५ च्या सुमारास. अॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळच्या घाटावर एसी चालू ठेवून गाडीने ट्रेलर ठराविक वेगाने वर न्यायचा, शिवाय ब्रेक, वळण, जागेवरून उचल अशा चाचण्या. पद्धत प्रामाणिक आहे. पण त्या पिकअपमध्ये माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि हिचच्या (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा) सामानाचे ७० पौंड. मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत, मुलं नाहीत, मागे कूलर नाही. शिवाय ब्रोशरमधला आकडा त्या नावाच्या सगळ्या गाड्यांमधल्या सर्वात सोयीच्या गाडीचा असतो. तुमच्याकडची फोर बाय फोर, सनरूफवाली, लेदर सीटवाली गाडी वेगळी. ही प्रत्येक चैन तुमच्या क्षमतेतून वजा झालेली असते.

म्हणून ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. तो तुमच्याच गाडीचा असतो, शेजाऱ्याच्या तसल्याच गाडीवर वेगळा असू शकतो. ट्रेलरचा जो भार हिचच्या बॉलवर पडतो, म्हणजे टंग वेट, तोही या पेलोडमध्येच मोजायचा. नेमकं हेच डीलरकडे कुणी सांगत नाही.

आता हिशेब करू. समजा स्टिकरवर १,४८० पौंड आहेत. हाफ-टन म्हणवणाऱ्या क्रू कॅब, म्हणजे चार दारांच्या, पिकअपवर असा आकडा सर्रास दिसतो ('हाफ-टन' हे नुसतं नाव उरलंय, त्यावरून भार काढू नका). पुढे बाकाची सीट आहे, म्हणून सहाही जण एकाच गाडीत. तुम्ही १७५, बायको १४०, बाबा १५०, आई १३०, मुलं ७० आणि ५०. झाले ७१५. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा) ८०. मागे हौद्यात कूलर, छोटा जनरेटर, खुर्च्या, सरपण मिळून १५०. एकूण ९४५. उरले ५३५ पौंड.

ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार टंगवर असावा लागतो. मी १३ धरतो. ५३५ ला ०.१३ ने भागलं की येतात साधारण ४,१०० पौंड. तुमच्या अकरा हजारवाल्या गाडीला, या कुटुंबासकट, भरून ४,१०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर शोभतो. डीलरने दाखवलेला ट्रेलर भरून ७,६०० पौंडांचा असेल तर त्याचा टंग भारच ९८८, म्हणजे पेलोडच्या ४५३ पौंड वर. तीच गाडी, फक्त नवरा-बायको आणि हौद्यात १०० पौंड सामान असेल, तर हिच धरूनही ९८५ उरतात आणि साडेसात हजारांपर्यंत जाता येतं. गाडी तीच, फरक माणसांचा.

इथे एक युक्ती हमखास सुचवली जाते: "मग टंगवरचा भार कमी करू, जड सामान मागे टाकू." हे कधीही करू नका. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. इथे तेच ताशी साठ मैलांच्या वेगाने होतं. ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि पिकअपला स्वतःबरोबर घेऊन जातो. तेव्हा १० टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही. ओझं जास्त होत असेल तर ट्रेलर लहान घ्यायचा.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने पेलोड वाढतो, असंही ऐकाल. वाढत नाही. तो मागच्या एक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो, त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडत नाही. मोठ्या ट्रेलरला तो हवाच, पण दारावरचा आकडा आहे तिथेच राहतो. गाडीखाली वाकून रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या चौकोनी नळीवरचं, लेबलही वाचा. साध्या बॉलवर किती आणि या हिचसकट किती, असे दोन वेगळे आकडे तिथे असतात.

ट्रेलरच्या जाहिरातीत छापतात ते ड्राय वेट विसरून जा. त्यात पाणी नसतं, तुमचं सामान नसतं, बरेचदा बॅटरीही नसते. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांच्या वर गेलात. आणि आपला ट्रेलर रिकामा कधी असतो? कुकर, पोळपाट-लाटणं, मिक्सर, वीस पौंडांची तांदळाची पिशवी, वर चार घरं एकत्र निघाली तर सगळ्यांचा चहाही आपल्याच शेगडीवर. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या डाव्या बाजूला, जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं लेबल असतं. म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. हिशेबाला तोच धरा.

कागदावरचा हिशेब झाला तरी काट्यावर जाऊन या. मोठ्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. पिकअपची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर येतील अशी गाडी उभी करायची. बोलायचं बटण ट्रकवाल्यांच्या उंचीवर असतं, तेव्हा खाली उतरून दाबा किंवा फोनवरचं त्यांचं अॅप वापरा. आत विचारतील कंपनी कोणती, सांगायचं खासगी. चिठ्ठीवर प्रत्येक पट्टीचं वजन वेगळं येतं. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून नुसती पिकअप पुन्हा काट्यावर आणायची. दोन्ही वेळा सगळी मंडळी गाडीत बसलेली आणि पेट्रोलची टाकी भरलेली हवी, आणि पहिल्या वेळी हिचचे स्प्रिंग बार (भार वाटून देणारे दांडे) सोडलेले. नुसती पिकअप ६,५०० भरली आणि ट्रेलर जोडल्यावर तिच्या दोन एक्सलची बेरीज ७,०२० आली, तर टंग भार ५२०. ट्रेलरच्या चाकांवर ३,५६० असतील तर ट्रेलर एकूण ४,०८०, आणि टंग पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास. मग दाराच्या चौकटीवरचे जीव्हीडब्ल्यूआर आणि मागच्या एक्सलची मर्यादा ताडून बघा. पेलोड पुरला तरी मागचा एक्सल आधी भरू शकतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, उंची. डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर, आणि आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला. टर्बोवाल्याचं बरंच कमी जातं. पण चढताना फार तर ट्रकांच्या रांगेत हळू जाल. जीव टांगणीला लागतो तो उतारावर. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा उतार आहे आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधलेले आहेत. टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायची गिअरची सोय) चालू, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली, आणि ब्रेक दाबून सोडायचा, दाबून धरायचा नाही. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर रिकाम्या रस्त्यावर आधी जुळवून घ्या.

नियमांचं थोडक्यात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १,५०० पासूनच. तिथे ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादाही ५५ मैल. एवढ्या ट्रेलरला साधं लायसन्स पुरतं, आणि तिथेच नवीन माणूस फसतो. कुणी परवानगी विचारत नाही, म्हणजे कुणीतरी तपासलं असेल असं त्याला वाटतं. कुणी तपासलेलं नसतं. विकणाऱ्याला ट्रेलर विकायचा असतो.

आणि बाबांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना ट्रेलरमध्येच पलंगावर झोपवून न्यायचं मनात आणू नका. तिथे पट्टे नसतात आणि अनेक राज्यांत ते बेकायदा आहे. त्यापेक्षा आजी-आजोबांना आणि मुलांना दुसऱ्या गाडीत बसवा. वरच्या हिशेबात त्या चौघांचे ४०० पौंड पेलोडला परत मिळतात, म्हणजे ट्रेलरमध्ये तीन हजारांचा फरक.

पहिल्या वर्षी तर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. बरेच मालक ट्रेलर थेट कॅम्पसाइटवर आणून लावून देतात, तुम्ही मिनीव्हॅनने आरामात पोहोचायचं. बुक करताना साइटची लांबी आणि तिथली वीज ३० अँपची की ५० अँपची, हे मालकाला आधी कळवा.