हाच आपला विषय, हे कळतं कसं?

मी संख्याशास्त्र शिकवते, पण विद्यापीठात आले होते अर्थशास्त्र करायला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे येऊन म्हणतात, "मॅडम, मला कशातच मनापासून रस वाटत नाही." मी त्यांना बसवून घेते आणि एकच विचारते: गेल्या महिन्यात कुठल्या तासानंतर, कुणी सांगितलेलं नसताना, काही शोधून पाहिलंस? आठवायला वेळ लागतो, पण बहुतेकांना काहीतरी आठवतंच. सुरुवात तिथून करायची.

एक वही ठेवा आणि तिच्यात फक्त प्रश्न लिहा. 'इतिहास आवडला' या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. 'ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं आयुष्य कसं होतं हे इतिहासकार कशावरून ठरवतात?' ही नोंद उपयोगाची. सेमिस्टर संपलं की वही चाळा. वेगवेगळ्या विषयांच्या तासांना लिहिलेले प्रश्न पुष्कळदा एकाच जातीचे निघतात. अर्थशास्त्रात, मानसशास्त्रात, जीवशास्त्रात, सगळीकडे तुम्ही 'हे त्यांना कळलं कशावरून?' असंच विचारत असाल, तर तुमचं लक्ष पुराव्याकडे आहे. तो धागा महत्त्वाचा. विषयाचं नाव नंतर सापडतं.

माझ्या बाबतीत हा धागा एका तक्त्यात सापडला. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांची ती आकडेवारी होती. सहा मोठ्या विभागांची बेरीज केली तर पुरुषांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता आणि स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना. उघड उघड अन्याय, असं वाटून मी वही मिटणार होते. तेवढ्यात सरांनी तेच आकडे विभागवार मांडले. पहिल्या विभागात पुरुषांचं प्रमाण ६२ टक्के, स्त्रियांचं ८२. शेवटच्या विभागात पुरुष ६ टक्के, स्त्रिया ७. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्त! दोन्ही तक्ते बरोबर होते, बेरजेत चूक नव्हती. मग मी अर्जांचे आकडे पाहिले. पहिले दोन विभाग असे होते की तिथे अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना प्रवेश मिळत होता. पुरुषांचे निम्म्याहून जास्त अर्ज त्याच दोन विभागांत होते. १,८३५ स्त्रियांपैकी तिथे अर्ज केला होता फक्त १३३ जणींनी. बाकीच्या बहुतेकजणी जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण, अशा विभागांकडे गेल्या होत्या. मग त्या तिकडेच का गेल्या, हा पुढचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर त्या तक्त्यात नव्हतं. त्या रात्री मला दुसरं काही वाचवेना. आजही हा तक्ता शिकवताना माझा आवाज चढतो.

असं काही तुमच्या बाबतीत घडलं, तर लगेच विभाग बदलायचा अर्ज लिहू नका. आधी एक गोष्ट तपासा: ओढ विषयाची आहे की शिकवणाऱ्याची? उत्तम शिक्षक कुठलाही विषय गोड करतात आणि ते भाग्यच असतं, पण पुढची वर्षं तेच शिक्षक मिळतील असं नाही. म्हणून तोच धडा एखाद्या रुक्ष पाठ्यपुस्तकातून वाचा. भाषा कोरडी असूनही पान उलटावंसं वाटलं, समासात काही लिहावंसं वाटलं, तर विषयानेच तुम्हाला धरलंय.

दुसरी तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक विद्याशाखेचं एक रोजचं, कंटाळवाणं काम असतं, आणि ते प्रवेशाच्या माहितीपत्रकात दिसत नाही. भूशास्त्रात खडकाचा काप घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीचा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले खनिजांचे कण बिंदू-बिंदूने मोजत बसायचं. भाषाशास्त्रात लोकांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा मागे नेत एकेक उच्चार लिहून काढायचा. आमच्याकडे कुणीतरी घाईत भरलेली माहिती साफ करायची: एकाच गावाची चार स्पेलिंगं, वयाच्या रकान्यात जन्मसाल. विभागातल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला विचारून एक दुपार त्याच्या शेजारी बसा आणि हे काम हाताने करून पाहा. ते आवडलंच पाहिजे असं नाही. ते करताना कशासाठी चाललंय हे डोक्यात जागं राहतं का, एवढंच बघा. मला त्या चार स्पेलिंगांमागची माणसं दिसायची आणि काम पुढे सरकायचं.

वाचायचं काय, हेही मुलं विचारतात. लोकप्रिय पुस्तकं जरूर वाचा, पण निदान एक शोधनिबंध वाचा. आधी सारांश, मग आकृत्या आणि तक्ते, मग शेवटची चर्चा. मधला भाग पहिल्या खेपेला कळत नाही, तो सोडून द्या. मग संदर्भयादीतला जो निबंध सारखा सारखा उल्लेखलेला दिसेल, तो काढा. विभागाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध असतात, त्यांची पहिली प्रकरणं तर विद्यार्थ्यांसाठी खजिना आहेत. या विषयात काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही आणि भांडण कशावरून आहे, हे तिथे सविस्तर लिहिलेलं असतं.

प्रशांतचंद्र महालनोबिस केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकले. १९१५ च्या सुमारास परतीचा प्रवास महायुद्धामुळे लांबला, तेव्हा किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयात तिथल्या एका शिक्षकांनी त्यांना 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे खंड दाखवले. महालनोबिस यांनी ते खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचत वाचत परतले. पुढे भारतातल्या संख्याशास्त्राचा पाया त्यांनी घातला. त्यांना पदार्थविज्ञान जमत नव्हतं असं मुळीच नाही, त्यात ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले होते. म्हणून चांगले गुण पडणाऱ्या विषयालाच चिकटून राहायला हवं असं मानू नका. आणि ग्रंथालयात आपल्या विषयाचं कपाट सोडून शेजारच्या कपाटाशीही थांबत जा.

आता अवघड टप्प्याविषयी, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथे गळतात. पहिल्या भरातली गोडी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. सिद्धता येतात, व्याकरणाचे तक्ते येतात, प्रयोग फसतात. मग मूल म्हणतं, "म्हणजे ही माझी खरी आवड नव्हतीच." २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक रंजक चित्रफीत दाखवली आणि मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. आवड ही जन्मजात ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा रस लेख वाचल्यावर जास्त घसरला. आवड हळूहळू घडते असं मानणारे त्यामानाने टिकून राहिले. तेव्हा अवघड वाटण्यावरून निर्णय घेऊ नका. त्याच विषयातली एकच छोटी गोष्ट निवडा आणि ती पुरती समजेपर्यंत सोडू नका. माझ्यासाठी ती शर्ती संभाव्यता होती, म्हणजे एक गोष्ट घडली आहे हे माहीत असताना दुसरी घडण्याची शक्यता किती. चेंडूंच्या पिशव्यांची गणितं करकरून मी ती पक्की केली आणि पुढची दोन प्रकरणं आपोआप हलकी झाली.

दोन विषयांत जीव अडकला असेल तर दोन्हीतला एकेक खरा प्रश्न सोडवायला घ्या. थोर जर्मन गणिती गाउस गटिंगन विद्यापीठात गेला तेव्हा भाषाशास्त्र घ्यावं की गणित, हे त्याचं ठरत नव्हतं. मार्च १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, हे त्याने सिद्ध केलं आणि गणित नक्की केलं. तुमचा प्रश्न एवढा मोठा नको, पण पुस्तकामागे उत्तर छापलेलं नसेल असा हवा.

शिक्षकांना भेटायला जाताना 'मी काय करू?' हा प्रश्न नेऊ नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. 'तुम्ही सांगितलेला तो निबंध वाचला, दुसऱ्या तक्त्यात हे असं का आलं?' असं विचारा. असा विद्यार्थी आला की आम्ही हातातलं काम बाजूला ठेवतो. मग पुढचं वाचन, एखादा छोटा प्रकल्प, कुणाची तरी ओळख हे सगळं त्याच बोलण्यातून निघतं.

एवढं झाल्यावर कार्यालयाचं काम. विभाग बदलायचा असेल तर अर्जाची शेवटची तारीख, आधी पूर्ण करावे लागणारे विषय आणि आत्तापर्यंतची किती क्रेडिट्स धरली जातील, या तीन गोष्टी लेखी मिळवा. तोंडी आश्वासनावर राहू नका. बदल शक्य नसेल तर ऐच्छिक विषय म्हणून घ्या, तेही जमत नसेल तर शिक्षकांची परवानगी काढून मागच्या बाकावर बसून तास ऐका. पदव्युत्तर वर्गाला मूळ विषयाची अट कुठे सैल असते, याची चौकशी दुसऱ्या वर्षातच करून ठेवा. तिसऱ्या वर्षी परीक्षा आणि प्रकल्प यांतून त्यासाठी सवड मिळत नाही.