बाराबोअर बंदुकीला नवा लाकडी दस्ता बसवताना

बंदुकीचा जुना दस्ता मोडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी, म्हणजे ॲक्शनच्या (नळीमागचा घोडा-चाप बसवलेला पोलादी भाग) लगेच मागे, जिथे मुठीत धरण्यासाठी लाकूड सर्वांत बारीक केलेले असते. वर्षानुवर्षे बंदूक नळी वर करून कपाटात उभी ठेवली, की नळीला आणि घोड्याला लावलेले तेल हळूहळू खाली उतरून याच लाकडात मुरते, लाकूड काळे आणि मऊ पडते, आणि मग एखाद्या बाराने त्याला उभी चीर जाते. अशी तेलकट चीर सरसाने किंवा इपॉक्सीने जोडली तरी ती फार काळ टिकत नाही, म्हणून नवा दस्ता घडवणे हेच शहाणपणाचे ठरते.

कामाला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो, त्यामुळे आपल्याकडे हे काम परवानाधारक दुरुस्ती कारखान्यातच व्हायला हवे. पुढचे विवेचन अशा कारखान्यात लाकूडकामाला बसणाऱ्या कारागिरासाठी आहे. बंदूकमालकालाही ते वाचून परत मिळालेल्या कामाची पारख करता येईल. बंदूक हातात घेतल्यावर ती प्रथम सांध्यावर वाकवून उघडावी, नळीत काडतूस नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, आणि नळी वेगळी करून बाजूला ठेवावी.

लाकूड अक्रोडाचे असेल तर उत्तम, कारण ते बेताच्या वजनात मजबूत असते, झटका सोसते आणि पटाशीखाली स्वच्छ कापले जाते. शिसव टिकाऊ खरे, पण जड. बंदुकीचा तोल मागे जातो. सागवानाच्या तेलकटपणामुळे इपॉक्सी नीट धरत नाही. लाकूड कोणतेही असो, त्याच्या रेषा मुठीच्या भागातून सरळ गेल्या पाहिजेत; त्या तिरप्या होऊन बाजूने बाहेर पडत असतील, तर मागच्या भागातली नक्षी कितीही देखणी असली तरी तो तुकडा नाकारावा. लाकूड मुरले आहे की नाही हे ओळखण्याचा साधा मार्ग म्हणजे ते दर आठवड्याला वजन करून ठेवणे: वजन घटायचे थांबेपर्यंत काम सुरू करू नये. कोकणात पावसाळ्यात घडवलेला दस्ता उन्हाळ्यात आक्रसतो आणि पोलादापासून सुटतो, हे ध्यानात असावे.

मापे जुन्या दस्त्यावरून घ्यावीत, मात्र मालकाच्या अंगाला तो बसत होता का हे आधी विचारावे. चापाच्या मध्यापासून खांद्याला टेकणाऱ्या बाजूच्या मध्यापर्यंतची लांबी साधारण १४ ते १४.५ इंच असते; दुनळीत ती पुढच्या चापापासून मोजतात, आणि आखूड बांध्याच्या माणसाला ती अर्धा इंच कमी लागते. नळीच्या वर सरळ पट्टी धरून ती मागे वाढवली, की गाल टेकतो तिथे दस्ता सुमारे १.५ इंच आणि अगदी मागच्या टोकाला २.२५ ते २.५ इंच खाली असावा.

जुना दस्ता काढताना खांद्याकडची पट्टी उघडून आत पाहावे. काही बंदुकांत दस्त्यातून आरपार गेलेला एकच लांब बोल्ट असतो. इतरांत ॲक्शनच्या शेपटीतून, म्हणजे मागे निघालेल्या पोलादी पट्टीतून, चापाच्या पट्टीत उतरणारे स्क्रू असतात. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस वापरावा, कारण खरवडलेले स्क्रू पाहिल्याबरोबर कारागिराची पत कळते.

खरे काम आता सुरू होते, आणि त्याला घाई चालत नाही. दिव्याचे काजळ खोबरेल तेलात कालवून त्याचा अगदी पातळ थर ॲक्शनच्या पोलादाला लावावा, ॲक्शन लाकडात सरळ दाबावी आणि सरळच उचलावी. जिथे काळा डाग उठला तिथेच लाकूड अडते आहे. पटाशीने तेवढाच डाग कागदाइतका पातळ तासावा, पुन्हा काजळ, पुन्हा दाब. पहिल्या दहा-बारा खेपांत वरच्या एका कोपऱ्यातच दोन ठिपके उमटतात आणि धीर सुटू लागतो. मग ठिपके पसरतात, आणि शेवटी ॲक्शनची पाठ जिथे लाकडाला भिडते तिथे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा काळा ठसा उमटतो. बाराचा झटका याच रुंद पृष्ठभागाने पेलायचा असतो. तो एकाच कोपऱ्यावर आला तर नवा दस्ताही त्या कोपऱ्यातून चिरतो.

याउलट शेपटीच्या अगदी मागच्या टोकाला लाकूड भिडता कामा नये. तिथे सुमारे अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवावी. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. सुरुवातीच्या काळात मी एका एकनळीला दस्ता बसवला तेव्हा शेपटीमागे केसाचीही फट दिसू नये म्हणून अभिमानाने सांधा घट्ट केला, आणि तिसऱ्या-चौथ्या बारालाच शेपटीने पाचरीसारखे काम करून मूठ मधोमध उलली. फट थोडी दिसली तरी ती लाजेची गोष्ट नाही.

बोल्ट आवळल्यावर चाप, घोडा आणि सेफ्टी पूर्वीइतक्याच मोकळेपणाने हलतात का ते खोट्या काडतुसावर तपासावे. आवळल्यावरच चाप जड होत असेल, तर आतले लाकूड एखाद्या स्प्रिंगला किंवा चापाच्या पट्टीला घासते आहे. तिथे पुन्हा काजळ लावून जागा शोधावी. हे जमल्याशिवाय बाहेरून घासायला घेऊ नये.

बाहेरचा आकार घडवताना लाकूड पोलादापेक्षा किंचित वर राहू द्यावे आणि १२० पासून ४०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर चढत्या क्रमाने वापरावा. मधे एकदा ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यावे, म्हणजे उभे राहणारे तंतू शेवटच्या घासणीत निघून जातात. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात तळव्याने चोळावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. आतली कापलेली बाजू आणि खांद्याकडचे उघडे टोक यांनाही तेल द्यावे, कारण ओलावा तिथूनच शिरतो. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. ती पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

परवानगी असलेल्या रेंजवर पहिली दहा-बारा काडतुसे उडवल्यानंतर लाकूड थोडे दबते आणि बोल्ट सैल होतो, म्हणून तो पुन्हा आवळावा आणि शेपटीमागची मोकळीक अजून शाबूत आहे ना, हे पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहावे. पुढे बंदूक तेल लावून ठेवताना पहिले काही दिवस नळी खाली करून ठेवावी.