न्यू ईडनमध्ये नवीन आलात? जहाज घेण्याआधी हे वाचा

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात, म्हणजे त्यातल्या न्यू ईडन या जगात, नवीन आलेली माणसं बहुतेक एकाच कारणाने निघून जातात. काही आठवडे खपून इस्क (खेळातलं चलन) जमवायचे, ते सगळे घालून एक मोठं जहाज घ्यायचं, ते मिनिटभरात उडतं, आणि त्यानंतर लॉगिन करायची इच्छाच मरते. मी इथे बरीच वर्षं आहे. अशी जिद्दीची, हुशार माणसं जाताना पाहून फार वाईट वाटतं, कारण त्यातली कितीतरी वेळेवर चार गोष्टी कळल्या असत्या तर इथे रमली असती.

सगळ्यात आधी हाय-सेकबद्दल. 0.5 ते 1.0 सुरक्षा असलेल्या सिस्टीममध्ये, म्हणजे सूर्यमालेत, तुमच्यावर कुणी बेकायदा हल्ला केला, तर कॉन्कॉर्ड हे खेळातलं पोलीस दल येतं आणि हल्लेखोराचं जहाज नक्की नष्ट करतं. पण तुम्हाला वाचवणं हे कॉन्कॉर्डचं काम नाही. ते शिक्षा करतं, तीही गुन्हा घडल्यावर. 1.0 मध्ये लवकर पोचतं, 0.5 मध्ये उशिरा, आणि मधल्या त्या काही सेकंदांवर गँक करणाऱ्यांचा, म्हणजे अचानक घेरून जहाज फोडणाऱ्यांचा, सगळा धंदा चालतो. त्यांचा हिशोब अगदी सरळ आहे. ते आधी तुमचा कार्गो स्कॅन करतात. मग तुमचं जहाज फोडायला कॅटॅलिस्टसारखी स्वस्त डिस्ट्रॉयर किती लागतील आणि त्यांना खर्च किती येईल ते मोजतात. जहाज फुटल्यावर साधारण निम्मा माल वाचतो आणि त्यांचा साथीदार तो उचलून नेतो. त्या निम्म्या मालाची किंमत त्यांच्या खर्चाहून जास्त भरली, की तुम्ही शिकार झालात. यात तुमच्याशी कुणाचं वैर नसतं. आकडा जुळला, एवढंच.

म्हणून सांगतो, आणि पुढेही सांगत राहीन: सगळी कमाई एका जहाजात घालू नका. जहाजाच्या किमतीतही नाही आणि आतल्या मालातही नाही.

हे घडतं कसं ते ओळखून ठेवा. नवा खेळाडू एका कोपऱ्यात काही दिवस राहतो, मग जिता या सगळ्यात मोठ्या बाजाराजवळ मुक्काम हलवायचं ठरवतो. आहे ते सगळं, मॉड्यूल, ब्लूप्रिंट, खनिज, एका हॉलरमध्ये (मालवाहू जहाजात) भरतो, जास्त माल मावावा म्हणून कार्गो एक्स्पांडर लावतो (त्याने जहाजाचा सांगाडा आणखी कमकुवत होतो), ऑटोपायलट लावतो आणि उठून जातो. ऑटोपायलट सिस्टीमना जोडणाऱ्या प्रत्येक गेटपासून लांब थांबतो आणि उरलेलं अंतर रांगत कापतो. तेवढा वेळ गँक करणाऱ्यांना भरपूर होतो. जिता आणि डोडिक्सी या बाजारांच्या वाटेवरचं उएडामा हे 0.5 चं सिस्टीम याच कामासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथून माल न्यायचाच असेल तर स्वतः हाताने चालवा, प्रत्येक वेळी गेटवर शून्यावर वॉर्प करा (झेप थेट गेटपाशीच संपवा), एक्स्पांडर काढून टँक (जहाजाचा बचाव वाढवणारी मॉड्यूल) लावा, आणि माल तीन-चार खेपांत न्या. जास्तच मौल्यवान असेल तर कुरिअर कॉन्ट्रॅक्ट काढा (दुसऱ्या खेळाडूला माल पोचवायला द्या) आणि त्याच्याकडून मालाच्या किमतीएवढं कोलॅटरल, म्हणजे तारण, मागा. माल बुडाला तर तेवढे पैसे तुम्हाला मिळतात.

खरे पैसे देऊन प्लेक्स घेणं, ते बाजारात विकणं आणि आलेल्या इस्कमधून थेट बॅटलशिप घेणं, हा त्याच चुकीचा महागडा प्रकार. बॅटलशिप चालवायला लागणारी कौशल्यं नसतात, फिट (जहाजावरच्या मॉड्यूलची मांडणी) नेटवरून उतरवलेला असतो, आणि कुणीतरी फ्रिगेटमधून (छोट्या जहाजातून) येऊन ती धरून ठेवतं. जे जहाज लगेच पुन्हा घेता येईल तेच घेऊन बाहेर पडा. पाकिटात त्याच जहाजाच्या किमतीच्या निदान चौपट इस्क उरत असतील तर ते तुम्हाला परवडतं. उरत नसतील तर हँगरमध्ये कितीही शोभून दिसलं तरी बाहेर काढू नका. आणि प्लेक्स व्हॉल्टमध्येच राहू द्या. कार्गोत टाकून कुठेही नेऊ नका.

कौशल्यांची रांग कायम भरलेली ठेवा, तुम्ही ऑफलाइन असतानाही ती चालते. करिअर एजंटांची (नव्यांना खेळ शिकवणाऱ्या पात्रांची) कामं पूर्ण करा. घड्याळ यूटीसीचं आहे आणि रोज 11:00 वाजता सर्व्हर थोडा वेळ बंद होतो.

सेफ्टीचं बटण हिरवं असू द्या. ते पिवळं करून दुसऱ्याच्या वस्तूला हात लावलात तर तुम्ही 15 मिनिटं संशयित ठरता आणि कुणीही तुम्हाला कायदेशीरपणे मारू शकतं. तुमच्या समोर मुद्दाम टाकलेला डबा त्याचसाठी असतो. अनोळखी माणसाचं द्वंद्वाचं आमंत्रण नाकारा.

जिताच्या लोकलमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या सगळ्यांची नावं दिसणाऱ्या चॅटमध्ये, 'इस्क पाठवा, दुप्पट करून देतो' असं अखंड चाललेलं दिसेल. दुप्पट कुणी करत नाही. कॉन्ट्रॅक्ट स्वीकारण्याआधी वस्तूचं नाव, नग आणि किमतीतली शून्यं बोट ठेवून वाचा. फसवणूक खेळाच्या नियमांत बसते, त्यामुळे तक्रार करून पैसे परत मिळत नाहीत. खऱ्या पैशांत इस्क विकणं किंवा खेळाबाहेर कुणाला छळणं मात्र चालत नाही, त्यासाठी खातं बंद होतं. पुष्कळ नवे लोक या मोकळीकीवर चिडतात. मला ती मनापासून पटते. इथे विश्वास ठेवणं धोक्याचं आहे, म्हणूनच कुणी विश्वास ठेवला आणि समोरच्याने तो पाळला तर त्याला किंमत येते. 2003 मध्ये आइसलँडच्या सीसीपीने हे जग सुरू केलं तेव्हापासून जवळजवळ सगळे खेळाडू ट्रँक्विलिटी या एकाच सर्व्हरवर राहतात. पळून जायला दुसरा सर्व्हर नाही. आज ज्याला फसवाल तो तीन वर्षांनी एखाद्या फ्लीटमध्ये (जहाजांच्या ताफ्यात) तुमच्या शेजारी असेल, आणि त्याला तुमचं नाव आठवत असेल.

आता कॉर्प, म्हणजे खेळाडूंची संघटना. माझ्या मते पहिल्या महिन्यातला खरा निर्णय हाच. जहाज कोणतं घ्यावं, वंश कोणता निवडावा, यावर नवे लोक रात्री घालवतात आणि कॉर्प मात्र पहिलं आमंत्रण येईल ती धरतात. सुरुवातीला मिळणाऱ्या एनपीसी (खेळानेच चालवलेल्या) कॉर्पमध्ये तुमच्याविरुद्ध कुणी युद्ध पुकारू शकत नाही, म्हणून तिथे थोडे दिवस राहायला हरकत नाही, पण कायमचं राहू नका. एकट्याने हाय-सेकमध्ये वर्षानुवर्षं खाणकाम करणारे जुने लोक भेटतील. ते प्रेमळ असतात, सल्ला देतात, आणि 'बाहेर जाऊ नकोस, तिकडे लुटतात' असं सांगतात. त्यांचं ऐकू नका. भीतीपोटी त्यांनी या जगाचा मोठा भाग कधी पाहिलाच नाही, आणि तीच भीती ते पुढे देतात. दुसरं टोक म्हणजे किलबोर्डवरच्या (कुणी किती जहाजं फोडली आणि गमावली त्या नोंदीतल्या) आकड्यांवर माणसाची लायकी ठरवणारे. त्यांच्या कॉर्पमध्ये नव्या माणसाने जहाज गमावलं की सगळ्यांसमोर पाणउतारा होतो, मग तो माणूस लढायलाच घाबरतो. अशा ठिकाणाहून त्याच दिवशी निघा.

शिकवणाऱ्या संस्था आहेत. ईव्ह युनिव्हर्सिटी 2004 पासून नव्यांना शिकवते आहे. नल-सेकमधल्या (जिथे कॉन्कॉर्ड येत नाही त्या भागातल्या) मोठ्या अलायन्सही, म्हणजे अनेक कॉर्पांच्या युत्याही, नव्यांसाठी वेगळ्या कॉर्प चालवतात आणि फ्रिगेट फुकट देतात. सामील होण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुम्ही जागे असता त्या वेळेत फ्लीट निघतात का? फ्लीटमध्ये गेलेल्या जहाजाची भरपाई मिळते का? आणि नव्या माणसाला व्हॉइसवर प्रश्न विचारलेले चालतात का? तिसऱ्याला उत्तर देताना रिक्रूटर अडखळला तर दुसरी कॉर्प बघा. सामील होण्यासाठी कुणी पैसे मागितले, किंवा 'तुझी सगळी मालमत्ता आमच्या माणसाकडे दे, तो पोचवेल' असं सांगितलं, तर ती कॉर्प नाहीच, तो सापळा आहे. सगळी कमाई एका जहाजात घालू नका, तशीच एका अनोळखी माणसाच्या हातातही देऊ नका.

नल-सेकमध्ये डोळा लोकलवर ठेवा. अनोळखी नाव दिसलं की आधी सुरक्षित जागी जा, चौकशी नंतर. वर्महोलमध्ये (गेट नसलेल्या सिस्टीममध्ये) लोकल गप्प असतं. जो बोलतो तोच दिसतो, म्हणून तिथे डी-स्कॅन (आसपासची जहाजं दाखवणारं साधन) सतत दाबत राहावं लागतं, आणि त्याचा पल्ला 14.3 एयूपर्यंतच (एक एयू म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) असतो. गेटमधून उडी मारल्यावर मिनिटभर तुम्ही अदृश्य असता. समोर बबल (वॉर्प रोखणारा गोल) आणि दहा जहाजं दिसली तर घाबरून लगेच हलू नका, ते मिनिट विचार करायला वापरा. जहाज गेलंच तर पॉड (तुम्ही ज्यात उरता ती कुपी) ताबडतोब वॉर्प करा. पॉड गेला तर इम्प्लांट जातात, कौशल्यं शाबूत राहतात.

फ्लीटमध्ये माझं काय काम, मी तर नवा, असं म्हणणाऱ्यांसाठी: अ‍ॅट्रॉन किंवा स्लॅशर हे फ्रिगेट घ्या, वॉर्प डिसरप्टर (शत्रूला पळू न देणारं मॉड्यूल) लावा, आणि एफसी (फ्लीटचा सेनापती) सांगेल त्याला धरून ठेवा. शत्रूची बॅटलशिप पळू शकली नाही ती तुमच्यामुळे, आणि तुमचं जहाज गेलं तरी कॉर्प ते भरून देते. इथल्या मोठमोठ्या लढायांतही अशी माणसं होती. जानेवारी 2014 मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी सिस्टीममध्ये सार्वभौमत्वाचं, म्हणजे सिस्टीमवरच्या ताब्याचं, बिल न भरल्यामुळे जी लढाई पेटली, तीत 75 टायटन (सगळ्यात मोठी जहाजं) नष्ट झाले आणि 7,500 हून जास्त खेळाडू ओढले गेले. गर्दी इतकी झाली की टाइम डायलेशनने खेळाचा वेग दहा टक्क्यांवर आला. अशा लढाईत बसायची वेळ आलीच तर झोपेचा विचार आधी करा. एफसीला सांगून निघून जाणं यात काही गैर नाही, आणि चांगल्या कॉर्पमध्ये त्यावरून कुणी बोलत नाही.

अलायन्स कितीही मोठी असली तरी आतून फुटू शकते हेही लक्षात असू द्या. फेब्रुवारी 2009 मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही त्या काळची बलाढ्य अलायन्स एका डायरेक्टरने शत्रूकडे जाऊन आतूनच बरखास्त केली. म्हणून अलायन्स कोणतीही असो, थोडी जहाजं आणि काही इस्क हाय-सेकमधल्या एनपीसी स्टेशनवर राहू द्या, आणि एक जंप क्लोन (ज्यात उडी घेता येते असं तुमचं दुसरं शरीर) तिथेच ठेवा.

पण माणसं फक्त दगा देतात असं समजून बसू नका. गूनस्वार्म या अलायन्सचा राजनयिक व्हाइल रॅट, म्हणजे प्रत्यक्ष आयुष्यातला शॉन स्मिथ, 2012 मध्ये लिबियातल्या बेनगाझीत खरोखरच मारला गेला. तेव्हा खेळाडूंनी न्यू ईडनमधल्या स्टेशनांना त्याचं नाव दिलं, आणि त्यात त्याच्याविरुद्ध लढलेलेही होते. तुम्हालाही अशी माणसं भेटतील, बहुतेक त्या फ्लीटमध्ये जिथे तुमचं जहाज पहिल्यांदा उडेल. तेव्हा आज एक स्वस्त फ्रिगेट फिट करा, विमा काढा, आणि जी फ्लीट पहिली निघेल तिच्यात जा.