घर बुक केलंत? मग हॉटेलची खोलीही धरून ठेवा

नात्यातल्या लग्नासाठी आम्ही आठजण निघणार होतो. राहायला एक अख्खं घर दोन महिने आधी पूर्ण पैसे भरून घेतलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला की घरमालकाने बुकिंग रद्द केलंय. रिफंड पूर्ण मिळाला, पण खात्यात यायला आठवडा लागला. शिवाय परत आले ते दोन महिन्यांपूर्वीच्या दराचे पैसे आणि खोल्या शोधायच्या होत्या त्या रात्रीच्या दराने. आईबाबा एकीकडे, आम्ही तिसरीकडेच. मी दुसरी सोय करूनच ठेवली नव्हती. आता पुन्हा जायचंय, म्हणून ही तयारी लिहून काढतेय.

घर की हॉटेल, हे आधी ठरवा, आणि ठरवताना फोटो बाजूला ठेवा. तारीख हलवता येत नसेल (लग्न, परीक्षा, ऑपरेशन), मुक्काम एकदोन रात्रींचा असेल किंवा पोचायला मध्यरात्र होणार असेल, तर सरळ हॉटेल घ्या. हॉटेलात एका खोलीचा नळ फुटला तर दुसरी खोली देतात. बुकिंग जास्त झालं तरी चांगली हॉटेलं सहसा त्या रात्रीपुरती जवळपास स्वखर्चाने सोय लावतात. घर एकच असतं, ते गेलं की गेलं. मुक्काम मोठा असेल, लहान मुलं असतील, स्वयंपाकघर हवं असेल, तर घर जरूर घ्या.

पण घर घेतलंत की त्याच दिवशी हॉटेलची खोली धरा. फुकट रद्द करता येणारी, पैसे तिथे गेल्यावर द्यायची. फक्त पहिल्या रात्रीची पुरे. एक रात्र डोक्यावर छप्पर असलं की उरलेलं सकाळी शोधता येतं. ‘घरमालक चांगला वाटतोय, कशाला?’ असं मलाही वाटलं होतं. तरीही धरा.

घर निवडताना ताजे अभिप्राय वाचा, जुने नकोत. एअरबीएनबीवर (अशी घरं भाड्याने मिळणारं ॲप) ‘सुपरहोस्ट’ हा चांगल्या घरमालकाचा बिल्ला मिळायला त्याने बुकिंग रद्द करण्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत लागतं, तेवढं बघून घ्या. पर्यटकांना घर द्यायला सरकारी नोंदणी सक्तीची असेल तिथे घराचा नोंदणी क्रमांक शोधा. जपानमध्ये जून 2018 मध्ये अशा घरांसाठी नवा कायदा लागू झाला तेव्हा नोंदणी नसलेल्या घरांची आधीच झालेली बुकिंगंही रद्द झाली होती. तिथे घरमालकाचा स्वभाव कितीही चांगला असून काय उपयोग?

आणि एक सापळा. एअरबीएनबीवर घरमालकाने सबळ कारणाशिवाय रद्द केलं तर त्याला दंड बसतो: 30 दिवसांहून आधी बुकिंगच्या रकमेच्या 10 टक्के, त्यानंतर 25, आणि शेवटच्या 48 तासांत 50. म्हणून काहीजण गोडीत सांगतात, ‘तुम्हीच रद्द करा ना, पैसे मी देतो.’ अजिबात करू नका. तुम्ही बटण दाबलंत की रद्द तुम्ही केलं असं धरतात, आणि रिफंड तुमच्या बुकिंगच्या अटींप्रमाणे कापून मिळतो. बोलणं, पैसे, सगळं ॲपमधूनच. बाहेर काही नाही.

हॉटेलची खोली धरलीत ना? मग तिची फुकट रद्द करायची मुदत लिहून ठेवा, तारीख आणि तास दोन्ही, हॉटेल जिथे आहे तिथल्या घड्याळाप्रमाणे. बऱ्याच ठिकाणी ती एकदोन दिवस आधीच संपते, आणि आमच्यासारखा घर रद्द झाल्याचा निरोप त्यानंतरही येऊ शकतो. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत रद्द करू देणारं हॉटेल शोधा, दर थोडा जास्त असला तरी. आम्ही आठजण, म्हणजे दोन तरी खोल्या. एकच धरून मनाचं समाधान करून घेऊ नका.

आठवडाभर आधी घरमालकाला मेसेज करा, ‘अमुक वाजता पोचतोय, किल्ली कशी मिळेल?’ उत्तर टाळलं, तर हॉटेल सोडू नका. मुदतीच्या आधी पुन्हा विचारा. पक्कं उत्तर आलं तरच खोली सोडा, आणि वेळेत सोडा, दुसऱ्या कुणाला तरी ती हवी असेल.

बाकी ओळखपत्रं, चार्जर, औषधं नेहमीचंच. पावत्यांचे स्क्रीनशॉट. कार्डावर एका रात्रीपुरती शिल्लक, रिफंडची वाट न बघता. घरात शिरल्यावर काही बिघडलेलं दिसलं तर लगेच फोटो काढून कळवा. एअरबीएनबीवर त्याला 72 तासांची मुदत आहे. आणि हॉटेलची खोली. अजून धरली नसेल तर आधी ती धरा.