पलटणीतून घरी आलेली सुरी: युद्धकाळातल्या हातघडणीच्या सुऱ्या कशा ओळखायच्या आणि कोकणच्या हवेत कशा टिकवायच्या

मोडक्या संगिनीचं पातं, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा, झिजलेली कानस. मुठीला पडलेल्या विमानाचं पर्स्पेक्स (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियम, चामड्याच्या चकत्या, नाहीतर साधं लाकूड. सैनिकाने स्वतः किंवा पलटणीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीने हाताशी होतं त्यातून घडवली, ती हातघडणीची लढाऊ सुरी. कारखान्यातल्या मालाला नमुने असतात. ब्रिटिश कमांडोंचा फेअरबेर्न-साइक्स खंजीर घ्या: पहिल्या नमुन्याची आडपट्टी, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी, इंग्रजी एससारखी वळलेली, दुसऱ्याची सरळ, तिसऱ्याच्या मुठीवर कड्याच कड्या. फोटो समोर ठेवला की ताडून बघता येतं. हातघडणीच्या सुरीला असा जोडीदार नसतो, म्हणून तिचा सांधा वाचावा लागतो. सांधा म्हणजे पातं मुठीत शिरतं ती जागा. खरं-खोटं तिथे कळतं, आणि खाऱ्या हवेत गंजही तिथूनच धरतो.

अमेरिकेत ऑर्लँडोचा बो रँडल, कनेक्टिकटचा जॉन एक, नेब्रास्काचा फ्रँक रिख्टिग यांनी युद्धकाळात हाताने केलेल्या सुऱ्यांना आज मोठा मान आहे. त्या कोकणातल्या माळ्यावर सापडतील ही आशा सोडून द्या. कोणी तशी दाखवलीच, तर ती नक्कल आहे असं धरूनच हातात घ्या.

माळ्यावरची ट्रंक

आपल्याकडे काय सापडू शकतं ते आपली माणसं कुठे लढली यावर ठरतं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. दुसऱ्यात १९४१ साली एरिट्रियात केरेनला, १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला, आणि इटलीत. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. म्हणून माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या पेन्शनरांच्या घरी आधी विचारावं.

‘घरात शस्त्र आहे का’ असं विचारलंत तर उत्तर नाहीच येणार. ‘काकू, आजोबांची पलटणीतली ट्रंक अजून आहे का’ असं विचारा. सुरी बहुतेक वेळा ट्रंकेत नसतेच, ती मागच्या पडवीत असते. फणस कापायला, सुपारी सोलायला, माडाची झावळी साळायला साठ-सत्तर वर्षं वापरलेली. धार दगडावर घासून घासून पातं मधे खोलगट झालेलं असतं. त्याने किंमत कमी होते, पण खरेपणाला बाध येत नाही. उलट अशा झिजेची नक्कल करणं फार कठीण.

सुरीबरोबर डिस्चार्जचे कागद आणि मेडलं बघायला मागा, विकत मात्र मागू नका. भारतीय सैनिकांच्या मेडलांवर नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, ते कागदाशी जुळवा. इटली स्टार, म्हणजे इटलीच्या मोहिमेचं मेडल, असलेल्या घरात पर्स्पेक्सच्या मुठीची सुरी निघाली तर गोष्ट जुळते. बर्मा स्टार असलेल्या घरात इटालियन संगिनीचं पातं निघालं तर ते कुठून आलं हे विचारायला हवं. अदलाबदल सैनिक करतच, पण ते घरच्यांच्या तोंडून आलं पाहिजे, आपण कल्पून नव्हे. व्यवहार ठरला की एका कागदावर नाव, नंबर, हुद्दा, पलटण, कोणी दिली, कधी दिली, सही. एवढ्या एका कागदाने वस्तू निनावी राहत नाही.

कायदा आधी, पैसे नंतर

शस्त्र नियम २०१६ मधल्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, संगीन, सुरी ही नावं आहेत आणि पात्याची ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मर्यादा आहे. घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळलेली आहेत, म्हणून कोयतीला कोणी हटकत नाही. लढाईसाठी केलेल्या सुरीला ती सूट लागू होईल असं धरू नका. खंजीर आणि संगीन ही नावंच यादीत असल्याने, दुधारी पातं मर्यादेच्या आत असलं तरी विकत घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत मापं आणि फोटोसह लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. परदेशातून मागवलीत तर ती आयात होते, शस्त्र कायद्याचं कलम १० लागतं आणि वस्तू कस्टममध्ये अडकते. सणावारी, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत सुरी गाडीत घालून कोणाला दाखवायला नेऊ नका. पहिल्या महायुद्धातली वस्तू आता शंभरी ओलांडून गेली आहे, तेव्हा ती देशाबाहेर पाठवायचा विचारही नको.

सांधा कसा वाचायचा

लागतात चार वस्तू: दहापट भिंग, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी), छोटं चुंबक आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. दिवसा, खिडकीशी, उजेड आडवा पडेल असं बसा.

आधी पातं. ब्रिटिश १९०७ च्या संगिनीचं पातं मुळात १७ इंचांचं, दोन्ही अंगांना लांब पन्हळ, म्हणजे पात्यात उभी कोरलेली खोबण. ते कापून सात इंचांचं केलं तर पन्हळ टोकाशी नीट संपायला जागा उरत नाही, ती टोकातच बाहेर पडते. हे खऱ्याचं लक्षण. मुठीलगत एका बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, १९०७, महिना-वर्ष आणि कारखान्याचं नाव. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याच्या मालावर आर एफ आय. दुसऱ्या बाजूला तपासनिसांचे शिक्के. घासून अर्धवट गेलेला शिक्का चांगला. पूर्ण ठळक शिक्का आणि भोवताली ताजं घासलेलं पोलाद असेल तर शिक्का नंतर मारलेला असू शकतो. भारतात सरकारी हुकमानेच १२ इंचांपर्यंत आखूड केलेल्या संगिनी पुष्कळ आहेत. त्या हातघडणीच्या नव्हेत, आणि ९ इंचांवरच्या असल्याने परवान्याचा प्रश्न उभा राहतो. विकणारा ‘सैनिकाने कापलेली’ म्हणून याच देतो, बहुतेकदा खुशाल खरं मानून.

कानशीपासून केलेल्या सुरीवर मुठीच्या आत शिरणाऱ्या भागाजवळ कानशीच्या दातांच्या बारीक रेघा राहतात. हाताने घासलेल्या खुणा लांब, किंचित तिरक्या आणि एकमेकांना छेदणाऱ्या असतात. अँगल ग्राइंडरच्या खुणा आखूड, कमानदार, आणि तो हत्यारप्रकार युद्धानंतरचा. आडपट्टीच्या खाली अशी एक कमान दिसली तरी खाली ठेवा.

आता सांधा. आडपट्टीतली खाच पात्याला नेमकी बसेल अशी क्वचितच असते. मिस्त्री फट पितळी पत्रा ठोकून किंवा डाख देऊन भरी. त्या फटीत टॉर्चचा उजेड मारा. एपॉक्सीचा डिंक बहुधा दुधी-निळा चमकतो, आणि तो युद्धानंतर बाजारात आला. डिंक दिसला म्हणून नकली असं नव्हे, मूठ हलायला लागल्यावर घरात कोणी चिकटवली असेल. पण मग घरच्यांनी तसं सांगायला हवं, आणि किंमत उतरायला हवी. मुठीच्या बुडाशी पोलादाचं टोक ठोकून बसवलेलं असेल तर त्याच्या कडेला हातोडीच्या बारीक चपट्या खुणा दिसतात, आणि त्यांच्यात मळ साठलेला असतो. खुणा आहेत पण मळ नाही, तर मूठ अलीकडे उघडली आहे.

बुडाशी नाणं बसवलेलं असेल तर वर्ष वाचा. भारताचा भोकाचा पैसा १९४३ पासूनचा. तो लावलेली सुरी केरेनच्या लढाईतली असणं शक्य नाही, विकणारा काहीही म्हणो. उलट जुनं नाणं काहीच सिद्ध करत नाही.

बनावट गंज ओळखायची युक्ती सोपी आहे. ॲसिडने आणलेला गंज सगळीकडे एकसारखा नारिंगी असतो, आणि वर तांबडी माती चोळली की कोकणातलं जुनं वाटतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन पात्यावर फिरवा. बोळा तांबडा झाला तर माती. खरा जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट, बोळ्यावर जवळजवळ काहीच येत नाही.

हे स्पिरिट मुठीच्या पर्स्पेक्सला मात्र लागू देऊ नका. त्याला स्पिरिटने केसासारख्या भेगा पडतात आणि त्या परत भरत नाहीत. पर्स्पेक्स साबणाच्या सौम्य पाण्याने, मऊ कपड्याने. पारदर्शक मूठ पिवळट झालेली असेल आणि हातात धरल्यावर कापराचा वास येत असेल, तर ते पर्स्पेक्स नव्हे, सेल्युलॉइड आहे. ते ज्वालाग्राही असतं, आणि त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या पात्यांना खाते. अशी सुरी वेगळी, हवेशीर जागी, बंद डब्यात कधीच नाही. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पितळेची आडपट्टी आणि ॲल्युमिनियमची मूठ अशी जोडी किनाऱ्यावर सगळ्यात लवकर बिघडते. मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झडू लागतं. भुकटी कोरड्या ब्रशने काढा, सांध्यात मेण भरा आणि ती सुरी सगळ्यांच्या आधी सुक्या डब्यात टाका.

साफ करताना काय करू नये, आणि मग काय करावं

चिंच, आमसूल, लिंबू, राख ही पितळ उजळायची घरची साधनं सुरीला लावू नका. आंबट पाणी सांध्यात उतरतं आणि आतलं पोलाद खातं. वरून पितळ चकचकीत, आत पोकळ. विहिरीचं मचूळ पाणीही नको.

पात्यावर फणसाचा चीक सुकलेला असेल तर त्यावर खोबरेल लावा, दहा मिनिटांनी पुसा आणि वर स्पिरिटचा बोळा फिरवून तेल संपूर्ण काढा. खोबरेलाचं काम एवढंच. ते लावून ठेवलं तर खवट होतं, चिकट थर धरतं, धूळ आणि मीठ त्यात बसतं. लाकडी मुठीला होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल लावलेलं आढळतं. असा काळा चिकट थर असेल तर हातमोजे घाला, कच्च्या तेलाने कातडीला फोड येतात.

तांबड्या, सुटणाऱ्या गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून दोन दिवस ठेवा, मग तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, चरे पडत नाहीत. काळपट थर तसाच राहू द्या, तोच पात्याचं संरक्षण करतो. तेल स्पिरिटने काढल्यावर डिस्टिल्ड वॉटरचा ओला बोळा तीन-चार वेळा, दर वेळी नवा. हा मीठ काढण्यासाठी. लगेच पुन्हा स्पिरिटचा बोळा, मग हेअर ड्रायर मंद. पूर्ण गार झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात. जाड हात दिला तर पांढरट राहतं. इथून पुढे उघड्या हाताने पात्याला शिवायचं नाही. पावसाळ्यात घामाचा ठसा आठवड्यात गंजून कोरला जातो.

डबा

सुरी म्यानात ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्याने शोषलेला ओलावा मिळून पात्यावर म्यानाच्या आकाराचा गंज उठतो, पितळी खिळ्यांवर हिरवा कळक चढतो. म्यान वेगळं, आत आम्लमुक्त कागदाचा बोळा. वर्तमानपत्राचा नको. बुरशी आली तर कोरड्या दिवशी बाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने. पॉलिश, तेल काही नाही.

पात्यासाठी रबरी पट्टीचं झाकण असलेला वीस लिटरचा डबा घ्या, आत पॉलिइथिलीनचा फोम. पीव्हीसी आणि प्लायवूड नको, दोन्ही आम्ल सोडतात. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्या प्लास्टिकच्या मुठी मऊ करतात. पावसाळ्यात वीस लिटर हवेत पाणी जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. खरं पाणी लाकडी मुठीत आणि झाकणाच्या फटीत. म्हणून २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) भरपूर होतं, पण झाकण सारखं उघडलंत तर किलोही पुरणार नाही. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास.

आर्द्रतामापक विकत आणल्यावर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओली वाळू दिसेल इतकंच पाणी टाका, मापकासकट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. ८१ आला तर तुमचा मापक सहा जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जा. पात्याच्या डब्यात ४० टक्क्यांच्या खाली, म्यान आणि इतर चामडं ठेवायच्या वेगळ्या डब्यात ४५ ते ५०. चामडं याहून कोरडं झालं तर तडकतं. चामड्याच्या चकत्यांची मूठ असेल तर ती अख्खी सुरी चामड्याच्या डब्यात, आणि पात्याला मेणाचा एक हात जादा.

मे संपताना जेल तापवून घ्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी झाकण न उघडता बाहेरून मापक आणि जेलचा रंग बघा, म्हणून डबा पारदर्शकच हवा. गणपतीत घर भरलेलं असतं आणि ‘बघू जरा’ म्हणत सुरी पाच जणांच्या हातून फिरते. त्या दिवसांत डब्याला कुलूप.

दसऱ्याला शस्त्रपूजेत सुरी निघणारच. पाटावर कोरडा कपडा, त्यावर सुरी, आणि हळद-कुंकू शेजारच्या सुपारीला. ओलं कुंकू, भिजलेल्या अक्षता, झेंडूची पाकळी यांतलं काहीही पात्यावर रात्रभर राहिलं तर सकाळी नेमका तेवढाच डाग कोरलेला मिळतो. घरातल्या मोठ्यांना सुरीलाच गंध हवं असेल तर ते पात्यावर नको, लाकडी मुठीवर एक कोरडं बोट. संध्याकाळी सोनं वाटून झालं की बोळ्याने पुसा, मेणाचा एक पातळ हात द्या आणि डब्यात नवीन तापवलेलं जेल टाकूनच झाकण लावा.